सुट्टीचे पहिले आठ दिवस

पत्र माज्या नावानं यायचं आन्‌ आतला बुद्धिबळाचा डाव रहिमानचा असायचा. सांगा बरं, कुनाचं डोस्कं फिरनार न्हाई?

वर ‘सौ. शालूबाई’ आसं लिवलेलं असतंय, येवढं मला पोस्टमननं सांगितलेलं. त्याच्या खाली ‘मार्फत रहिमान टेलर, रहिमतपूर’. मला वाचाया येत न्हवतं. पैलीत चार म्हैने गेले आन्‌ मग धाकट्या भनीला सांबाळाया घरी बसवलं, खेळ खलास. लगीन होऊन सासरी आले तवा आमचं ह्ये मिलिट्रीत हुते. नाव न्हाई घेत मी, उगा वाट बगू नगा. पैली सुट्टी संपून जाताना म्हनले, ‘पत्र रहिमानच्या दुकानावर येईल. त्यो वाचून दावील. परका न्हवं, माजा भाऊच हाय.’

ह्यो भाऊ आमच्या दारासमोरच, गल्लीच्या पलीकडं. पोस्टमन आला की रहिमानभावजी मशीन थांबवायचे, चष्मा पुसायचे, बोट ओलं करून पत्राची कड फाडायचे. मी पायरीवर पदर सावरून बसलेली. मग वाचायचे, ‘मी खुशाल आहे. तब्येतीला जप. आईला नमस्कार.’

बास!

आवं, दोन्ही बाजूंनी कागद भरलेला दिसतोय मला. मुंग्या लागल्यासारका भरलेला. मी इचारायची, ‘आन्‌ बाकी?’

‘बाकी डावाचं हाय, वहिनी,’ असं म्हनून भावजी मान खाली घालायचे. कान लाल व्हायचे त्यांचे. मला वाटायचं, आनंदानं. मग ह्यांनी पत्रातनं धाडलेली बुद्धिबळाची चाल मापाच्या वहीत उतरून घ्यायचे आन्‌ पत्र माज्या हातात. मी ते न्हेऊन ट्रंकंत ठिवायची, लग्नातल्या शालूच्या खाली. तीन वर्सांत येकेचाळीस पत्रं. येका पत्राला मला तीन वाक्यं. गुरं इकताना गडी माणूस ह्याच्यापरास जास्त बोलतोय.

मी जळायची. सरळ सांगते, लपवायचं काय त्यात? दुसऱ्या बाईवर जळावं तर तिच्या झिंज्या तरी धरता येतात. ह्या टेलराच्या काय धरनार? तिशीतच टक्कल पडलेलं त्याला.

मागच्या सुट्टीत तर कळस झाला. तीस दिस सुट्टी. त्यातलं येकोनीस दिस ह्यांनी त्या दुकानात काढले. मी चुलीमागं कोळशानं रेघा मारून मोजल्यात. मी चुलीपाशी गाठलं की ह्ये दारात, दारात गाठलं की गल्लीत, आन्‌ गल्लीत पाय पडला की दुकानात. सासूबाई हाका मारून दमायच्या. तिकडनं आवाज यायचा, ‘ह्यो आलोच, येक चाल!’ त्यांची येक चाल सकाळी सुरू झाली की भाकरी गार व्हायची. मी आपली उंबऱ्यावर डाळ निवडत बसायची, समोरच्या दुकानाकडं बगत, दातओठ खात.

त्या दोघांचं बुद्धिबळ ल्हानपनचं. मोहरी सांगलीची. दोगं पोरं असताना गुळाच्या गाडीवर बसून सांगलीला गेलेली, तिथनं आनल्याली. त्यातला येक घोडा हरवला, त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ. पाट न्हवताच. कापड बेतायच्या टेबलाच्या येका टोकाला टेलरी खडूनं घरं आखलेली. दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाचं कापड कापायचं, ह्या टोकाला हात लावायचा न्हाई.

मग पंचाहत्तर साली, शिमग्याच्या आसपास, त्ये पत्र आलं.

भावजींनी माजी तीन वाक्यं उरकली आन्‌ येकदम टुनकन उठले. ‘वहिनी! दोस्तानं कोडं धाडलंय! पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. आन्‌ लिवलंय, जो आधी सोडवंल त्याचे माज्या सुट्टीचे पहिले आठ दिवस!’

‘काय?’

‘आखाडात येतोय न्हवं? त्यातले पहिले आठ दिस. सोडवलं की मी आन्‌ त्यो, दुकान बंद करून!’

माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा माजा, सुट्टी माज्या नवऱ्याची, आन्‌ ती लावलीय डावावर! मी म्हनलं, ‘कुनी बी सोडवलं तर?’

‘कुनी बी,’ भावजी हसले. ‘पर हितं हाय कोन दुसरं?’

मी घरी आले आन्‌ पीठ असं मळलं की सासूबाई बनुबाई म्हनल्या, ‘आगं, परातीचा जीव घेतीस का काय?’ मी मनाशी म्हनलं, थांबा. आठ दिवस मीच काढती. तुमच्याच डावानं काढती.

दुसऱ्या दिवसापासनं मला शिवणाचं याड लागलं. आज झंपर, उद्या उशीचा अभ्रा, परवा सासूबाईंची फाटकी चोळी. घेऊन जायाचं आन्‌ पायरीवर बसायचं. ‘भावजी, ह्यो उंच टोपीवाला कोन?’ ‘उंट हाय त्यो, वहिनी. तिरका जातोय.’ ‘आन्‌ ह्यो?’ ‘हत्ती. नाकासमोर.’ गड्याला खेळाया कुनी न्हवतं, इचारनारं माणूस मिळालं म्हनून त्यो खुश. मशीन थांबवून सांगायचा. घोड्याची अडीच घरं मला बटनं मांडून दावली. मी मुद्दाम येडी होऊन तेच तेच इचारायची. मनात म्हनायची, सांग बाबा, तुज्याच पायावर धोंडा पडतोय.

कागदावर चाल कशी लिवतात त्ये बी त्यानंच दावलं. राजाला ‘रा’, वजिराला ‘व’, हत्तीला ‘ह’, घोड्याला ‘घो’, उंटाला ‘उं’, प्याद्याला ‘प्या’. सा-सात अक्षरं मला अशी आली. बाकीची अकिलानं शिकवली. अकिला म्हंजी रहिमानभावजींची बायको, मिरजेची, सातवी पास, त्याच वर्सी लगीन होऊन आल्याली. भांडी घासताना राखेत बोटानं काडून दावायची. तिला बी ह्या खेळाचा कंटाळा. म्हनली, ‘वहिनी, तुमी शिकाच. आमचा मानूस जेवताना भाकरीला बी शह देतोय.’

तुमी म्हनाल, मग पत्रं तिच्याकडनंच वाचून का न्हाई घेतलीस? कशी घेऊ? नव्या नवरीपुढं तीन वाक्याची पत्रं ठिवायची आन्‌ माजी किंमत तिला कळू द्यायची? नको बाई.

इकडं कोडं काय सुटंना. तुमाला मांडून सांगते, लय अवघड न्हाई. काळा राजा कोपऱ्यात बसलाय. त्याच्या म्होरं त्याचीच दोन प्यादी. त्याच्या शेजारी येक जागा रिकामी. आन्‌ जरा लांब, त्याच रांगंत, त्याचा हत्ती. आपल्याकडं वजीर आन्‌ घोडा. पर दम धरायची सोय न्हाई, कारन आपन येक चाल वाया घालवली की काळा हत्ती खाली उतरून आपल्याच राजाला मारतोय.

भावजी घोड्यानं शह द्यायचे. राजा शेजारच्या रिकाम्या जागंत सटकायचा. पुन्हा मांडायचे, पुन्हा त्योच घोडा, पुन्हा राजा सटकला. गिऱ्हाइकं पायजम्यासाठी खेटे घालून कंटाळली. हिंदुराव मास्तराची पँट येका पायाची लांब झाली. मी येकदा म्हनलं, ‘वजीर पुढं घालून बगा की.’ तर माज्यावरच डाफरले, ‘वजीर फुकट द्यायचा? वजीर गेल्यावर डावात राहिलं काय, वहिनी?’

पंदरा दिस झाले. येका दुपारी मी उंबऱ्यावर डाळ निवडत हुते. समोर भावजी टेबलावर डोकं धरून बसल्याले. त्यांना बगून मला मागची सुट्टी आठवली आन्‌ राग उसळला. म्हनलं, बरोबर हाय, ह्यो राजा बी आमच्या मालकासारकाच. गाठला की शेजारी सटकतोय. सटकायला जागा हाय म्हनूनच सटकतोय. ती जागाच भरून टाकली तर?

हातातली डाळ हातातच राहिली.

भरायची कशानं? आपलं मोहरं तिथं ठिवलं तर? वजीर. वजीर न्हेऊन थेट राजाच्या शेजारी बसवायचा. राजा खाईल त्याला? न्हाई खाता येत, घोडा राखतोय ती जागा. मग हत्तीलाच यावं लागतंय खायला. हत्ती आला, वजीर खाल्ला, आन्‌ बसला कुठं? त्याच जागंत! राजाच्या म्होरं त्याचीच प्यादी, शेजारी त्याचाच हत्ती, दुसरीकडं पाटाची कड. आपल्याच माणसांत कोंडला. आता घोडा उडवायचा. घोड्याला कोन अडवतंय?

अगं आई गं! सूप सोडून मी उठले. डाळ सगळी उंबऱ्याबाहेर गेली, कोंबड्यांची दिवाळी झाली. गल्ली वलांडून मी दुकानाच्या पायरीवर गेले आन्‌ टेबलाकडं बगितलं. तसंच हुतं. दोनदा डोळ्यानं खेळून बगितलं. मातच.

‘काय वहिनी?’ भावजींनी इचारलं.

‘काय न्हाई. झंपर झालं का बगाया आले.’

सांगितलं न्हाई मी. का सांगू? आठ दिवसांचा सवाल हुता.

पोस्टातनं पत्राचा कागद आनला. आत लिवलं, ‘वजीर राजाच्या शेजारी. हत्ती घेतो. मग घोडा. मात. आठ दिवस माझे. शालू.’ येवढ्याला दुपार गेली. ‘झ’ माज्यानं निघंना, शेवटी विंचवासारका निघाला. आन्‌ मग पत्ता. पलटनीचे आकडे जुन्या पत्रावर बगून काडले. पर नाव? नाव तर लिवायलाच पायजे. लग्नापासनं ते नाव माज्या तोंडातनं निघालेलं न्हाई, उखाण्यात सुदीक मी ‘पाटलांचे सुपुत्र’ म्हनून भागवलं हुतं. मी म्हनलं, तोंडानं घ्यायचं न्हाई, मान्य. लिवाया कुठं कुनी बंदी केलीय? फरशीवर कोळशानं चारदा लिवलं. हंबीरराव. हंबीरराव. कान तापले माजे. सासूबाईंची चाहूल लागली तसं वल्या हातानं पुसून टाकलं. मग कागदावर लिवलं आन्‌ सोता जाऊन पेटीत टाकलं.

आता उत्तर येईस्तवर करायचं काय? अक्षरं इसरायला नकोत म्हनून ट्रंक उघडली. वाचायला घरात दुसरं हुतं काय? अगदी पैलं पत्र घेतलं. ‘खु-शा-ल’. बरोबर. ‘त-ब्ये-ती-ला’. बरोबर. आता म्होरं घोडा-हत्ती असनार म्हनून मी बोट फिरवलं.

घोडा न्हवता.

‘इथं बर्फ पडलं. पहिल्या दिवशी तू भाकरी करपवलीस आणि परातीआड तोंड लपवून रडलीस, ते आठवून मी एकटाच हसलो.’

मी पुन्हा वाचलं. बोट ठिवून, येकेक अक्षर. मग दुसरं पत्र काडलं. ‘लोणचं संपलं. बरणी धुतलेली नाही. झाकण उघडलं की घरचा वास येतो.’ तिसरं काडलं, चौथं काडलं. डावाच्या चाली न्हवत्या असं न्हाई, पर त्या खाली कोपऱ्यात, दोन वळी. वरचं समदं पान माजं हुतं. तीन वर्सं माजं हुतं आन्‌ ट्रंकंत पडून हुतं.

मागच्या सुट्टीनंतरचं पत्र काडलं. ‘मी दुकानात जाऊन बसतो म्हणून तू रागावतेस, ते मला दिसतं. घरात आईसमोर तुझ्याकडं मान वर करून बघायची लाज वाटते. दुकानातून तू उंबऱ्यावर डाळ निवडताना सरळ दिसतेस. तिथून दिवसभर बघितलं तरी कुणी काही म्हणत नाही. त्या नादात मी रहिमानला सात डाव हरलो.’

येकोनीस दिस! आन्‌ मी त्या येकोनीस दिसांच्या रेघा मारल्या हुत्या.

मग कोड्याचं पत्र. ‘तुम्हा दोघांत जो आधी सोडवील त्याचे सुट्टीचे पहिले आठ दिवस. रहिमान, शालूलाही मांडून दाखव. ती गप असते, पण हुशार आहे.’ *तुम्हा दोघांत.* मला वाचून दावलं हुतं का ह्ये? मला तर वाटलं, मी चोरून घुसले त्यांच्या डावात.

येकेचाळीस पत्रांची चवड वट्यात घेऊन मी दुकानात गेले. मशीन चालू हुतं. मी चवड मशीनवर आदळली.

‘वाचा.’

भावजींनी चष्मा वर केला. ‘काय झालं, वहिनी?’

‘बर्फाचं वाचा. बरणीचं वाचा. “बाकी डावाचं हाय” म्हनत हुता न्हवं? काडा डाव कुठं हाय त्यो! तीन वर्सं मला तीन वाक्यावर ठिवलंत तुमी! लाज न्हाई वाटली?’

‘वाटली,’ भावजी म्हनले. कान लाल झाले त्यांचे. तेच कान, मी आनंदाचे समजत हुते ते. ‘लाजंनंच तर न्हाई वाचलं. तुमी समोर बसल्याला, गल्लीत येनारं-जानारं. परक्या बाप्यानं तुमच्या तोंडाकडं बगून ते कसं वाचायचं? जीभ रेटंना. म्हनलं, पुढच्या बारीला वाचू. त्याला मी कळवलं बी न्हाई.’

‘मग अकिला आल्यावर तिच्याकडनं का न्हाई वाचून घेतलं? ती तर बाईच हाय की!’

भावजींनी मशीनचं चाक उगाच मागं-म्होरं केलं. मग खाली बगून म्हनले, ‘खरं सांगू? मी जळायचो, वहिनी. ल्हानपनापासनं माजा दोस्त. येका गाडीवर बसून सांगलीला गेलो, येका ताटात जेवलो. आन्‌ तिकडं बर्फ पडलं हे सुदीक मला लिवत न्हाई. मला नुसती चाल. व पाच, घो सात. बाकी सगळं पान तुमचं. दर बारीला मी वाचायचो आन्‌ म्हनायचो, ह्यातलं येक तरी वाक्य माज्यासाठी असावं.’

आवं, हे तर माजंच बोलनं! मी पायरीवर बसून जे म्हनायची, तेच ह्यो गडी मशीनवर बसून म्हनत हुता. मी त्याच्या दोन वळींवर जळत हुते, त्यो माज्या पानावर.

पर राग लगीच उतरतोय व्हय? मी टेबलाच्या टोकाला गेले. पांढरा वजीर उचलला आन्‌ राजाच्या शेजारी ठिवला.

‘घ्या हत्तीनं.’

‘वहिनी, वजीर फुकट...’

‘घ्या म्हनते न्हवं!’

त्यांनी हत्तीनं घेतला. घोड्याच्या जागी रीळ हुतं, ते मी उचलून अडीच घरं टाकलं. ‘मात. पत्र कवाच पेटीत पडलंय. गेले तुमचे आठ दिवस.’

भावजी टेबलावर वाकले. राजाभवतीची येकेक जागा बोटानं चाचपली. लय वेळानं म्हनले, ‘वजीर दिला... आमच्या डोस्क्यातच न्हाई आलं.’ आन्‌ टकलावरनं हात फिरवला. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं बी वाटलं.

बावीस दिसांनी उत्तर आलं. पोस्टमननं सवयीनं दुकानातच टाकलं. भावजी गल्ली वलांडून आमच्या दारात आले. कागद दोन्ही हातांत, कड न फाडलेली. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

‘तुमचं पत्र, वहिनी.’

मी बोट ओलं केलं, कड फाडली. ते जाईनात. पायातल्या चपलेकडं बगत म्हनले, ‘डावाचं काय असंल तर... तेवढं सांगा.’

मी वाचलं. मनात वाचलं, पर ओठ हलत हुते माजे. वर लिवलं हुतं, ‘पत्रावर तुझ्या हातचं माझं नाव बघितलं. पलटणीत कुणाला दाखवलं नाही, खिशात ठेवलंय. आठ दिवस कशाला, सगळी सुट्टी घे.’ त्याच्या खाली अजून पान भरून हुतं. भावजी उभेच. उन्हात टक्कल चमकत हुतं. मला वाटलं, सांगावं, ‘तुमच्यासाठी काय न्हाई.’ अगदी जिभंवर आलं हुतं. तीन वर्सं मी बी अशीच पायरीवर बसलेली.

मग शेवटाला पोचले आन्‌ मोठ्यानं वाचलं, ‘रहिमानला सांग, घोड्याच्या जागी आता रीळ नको. इथल्या सुताराकडून घोडा करून घेतलाय, येताना आणतो. त्याच्याशिवाय इथं कुणाशी खेळायला मजा येत नाही.’

भावजींनी चष्मा काडला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. ‘पुन्हा येकदा वाचा, वहिनी.’

मी पुन्हा वाचलं.

‘आन्‌ बाकी?’ त्यांनी इचारलं.

मी कागदाची घडी घातली आन्‌ वट्यात धरली.

‘बाकी माजं हाय,’ मी म्हनलं.